पन्नास मिनिटं टिकणारी बॅटरी

माझ्या नवऱ्याला सगळे मापाडी म्हणतात. नदीची पातळी मोजणं ही त्यांची नोकरी, पण मोजण्याची खोड काही नोकरीपुरती नाही. चहा किती मिनिटांत उकळला, जिन्याला पायऱ्या किती, मी माहेरी जाऊन किती दिवस झाले, सगळं तोंडपाठ. लग्नानंतर महिनाभर मला त्याचं कौतुक वाटलं. मग डोकं फिरायला लागलं.

त्या आठवड्यात मात्र घरात एकच माप चाललं होतं. लॅपटॉपची बॅटरी किती मिनिटं टिकते.

माझा धाकटा दीर बंधाऱ्याच्या दारांवर रखवालदार. पाणी लाल रेघेला लागलं की दार थोडंथोडं उघडत जायचं, असा नियम. पुराच्या दुपारी दार उघडलं आणि पाण्याचा लोंढा एकदम सुटला. खाली काठावर कपडे धुणाऱ्या मायलेकी वाहून गेल्या. कचेरी म्हणाली, रखवालदाराने उशीर केला, म्हणून इतकं पाणी तुंबलं. दीर म्हणत होता, "वहिनी, रेघेला पाणी लागलं तसं उघडलं मी." बंधाऱ्यावरचं नवं मोजयंत्रच पुरात गेलं होतं. त्याच्या नोंदी मिळणार नाहीत, एवढं सांगायला वरच्या लोकांनी दोन महिने लावले. दीर निलंबित होऊन आमच्याकडे राहायला आला होता. ताटावर बसायचा आणि घास चिवडत राहायचा. पुढच्या सोमवारी चौकशी होती, आणि त्यात दोषी ठरला तर पुढे तुरुंग.

उरली होती वरच्या दरीतली जुनी नोंदपेटी. कचेरीने ती कधीच रद्द केली होती, पण ह्यांनी निव्वळ हट्टापायी तिचे सेल बदलत ती चालू ठेवली होती. दर पाच मिनिटांनी ती पाण्याची पातळी लिहिते आणि नव्वद दिवस भरले की सगळ्यात जुना दिवस पुसते. पुराचा दिवस शनिवारी पुसला जाणार होता.

त्या पेटीच्या नोंदी उतरवणारा प्रोग्राम एकाच यंत्रावर चालतो, ह्यांच्या चौदा वर्षांच्या दणकट लॅपटॉपवर. वर मूठ असलेलं ते धूड पडलं तर फुटत नाही, उचललं तर खांदा जातो. नोंदी उतरवायला पन्नास मिनिटं लागतात, आणि फाइल अगदी शेवटी जतन होते. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर हाती काही नाही. दरीत वीज नाही, गाडी जात नाही. चार तास चढायचं.

जुनी बॅटरी सात मिनिटांत मान टाकायची. तीन आठवडे वाट बघून रविवारी नवी आली. ती एकतीस मिनिटं चालली आणि पडद्यावर बेचाळीस टक्के दिसत असताना खाडकन बंद पडली.

दुकानदार फोनवर म्हणाला, "बॅटरी चांगली आहे साहेब. जुन्या मशीनला नव्या बॅटरीचा अंदाज येत नाही. एकदा पूर्ण भरा, पूर्ण संपवा, परत भरा."

या एका फेरीत सोमवार गेला. मशीन आता खोटे टक्के दाखवेना, पण बॅटरी ऐंशीच्या वर भरेना. मंगळवारी ह्यांनी खोडरबराने तिचे पितळी दात घासले, तारा बदलल्या, पुन्हा घड्याळ लावून ती संपवली. त्रेचाळीस मिनिटं. फोनवर दुकानदाराला नको नको ते बोलले. उभ्या आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस तो.

"अहो, भरली की मोजायला संपवता, संपवली की भरत बसता. दिवस संपतायत!" मी ओरडले.

"मोजल्याशिवाय कसं कळणार?" एवढंच उत्तर. मी हात टेकले.

बुधवारी ह्यांना स्वतःचीच जुनी वही सापडली. सहा वर्षांपूर्वीच्या पानावर ह्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवलं आहे. लॅपटॉप सुरू होताना एक निळा पडदा येतो, त्यात ही सोय असते. काटकसर स्वतःच करून ठेवली, विसरले, आणि चार दिवस त्या बिचाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ती सोय बंद केली. गुरुवारी बॅटरी शंभर टक्के भरून चोपन्न मिनिटं चालली, आणि रात्रभर पुन्हा भरायला लावली.

शुक्रवारी पहाटे निघताना हे म्हणाले, "एकदा चालू करून बघू का, किती दाखवते ते?"

मी बॅटरी काढली आणि माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरली. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे ह्यांच्याकडूनच शिकले होते.

दरीत पोचल्यावर ह्यांनी बॅटरी बसवली आणि घड्याळ लावलं. पेटीची वायर मी लावली. पडद्याचा उजेड इतका कमी केला की आकडे डोळे बारीक करून वाचावे लागत. चाळिसाव्या मिनिटाला बॅटरी सतरा टक्के. सत्तेचाळिसाव्याला सात. तीन टक्के असताना फाइल जतन झाली.

ह्यांनी लगेच पुराचा दिवस उघडला. दरीतलं पाणी बंधाऱ्याला पोचायला अर्धा तास लागतो. पेटीत पुराचं पाणी चढल्याची वेळ होती एक वाजून दहा. म्हणजे लाल रेघेला पाणी एक चाळीसला. दार उघडल्याची वेळ दार उघडणाऱ्या विजेच्या खटक्यावर आपोआप नोंदलेली होती आणि आम्हा सगळ्यांना पाठ होती. दोन पंचवीस.

हे बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिले. पंचेचाळीस मिनिटं.

"पुसून टाका," मी म्हणाले. मला माझा आवाज ओळखू आला नाही. "बॅटरी मध्येच गेली म्हणून सांगू. अख्ख्या कचेरीला ठाऊक आहे ती कशी आहे. पेटी उद्या आपोआप पुसेल. कोणी विचारायचं नाही."

तेवढ्यात पडदा काळा झाला. फाइल आत होती आणि ती आम्हा दोघांनाच माहीत होती. चार तास उतरताना लॅपटॉप ह्यांच्याच खांद्यावर होता. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, ह्यांना एकदा, फक्त एकदाच खोटं बोलू दे.

दीर दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"दादा, बॅटरी टिकली?"

ह्यांनी लॅपटॉप जमिनीवर ठेवला. धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलेलं ह्यांनी, आई गेल्यावर त्याच्या अंगाखालचं ओलं अंथरूण बदललेलं. ह्यांचा चेहरा पिळवटून निघाला होता.

"टिकली," हे म्हणाले.

दीर उंबऱ्यावर बसला.

"सलग तिसरी पाळी होती, वहिनी," तो म्हणाला. "माझा डोळा लागला होता. बंधाऱ्यावरून पाणी सांडायला लागलेलं बघून त्या मायलेकीच खालून हाका मारत होत्या, त्यानेच जाग आली मला."