वहिनीची शाल

महाबळेश्वरला सूर्यास्त बघायला गेलो, पण माझं लक्ष सारखं दादाच्या कानांकडे जात होतं. कानांभोवती त्याने शाल गुंडाळली होती, वहिनीची. तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला म्हणून तर आम्ही सगळे या सहलीला आलो होतो. सकाळीच शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. दुपारी त्याच नारळाची चटणी तिनेच वाटली. आता शालही गेली! घरच्या बाईचा मान घरात एक दिवससुद्धा टिकू नये?

"दादा, ती शाल वहिनीला दे," मी चिडून म्हटलं.

"अगं, तिला कुठे थंडी वाजते?"

वहिनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून सूर्याकडे बघत होती.