रिकामी करून ठेवलेली मशीन

नाव: शकील गुलाब पिंजारी. वय चव्वेचाळीस. राहणार मेहरूण, जळगाव. सदर इसम आमच्या आस्थापनेचा कामगार नाही व पूर्वीही कधी नव्हता. तरीही त्याने आमच्या आस्थापनेतील काम बेकायदेशीररीत्या बंद केले. स्वभाव चिथावणीखोर.

हे वर्णन चटई कारखान्याच्या वकिलांनी समेट अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. कधीच नसलेल्या माणसाने काम बंद कसं केलं, हा किरकोळ तपशील त्यांनी सोडून दिला होता.

हा कधीच नसलेला शकील थोरल्या शेठजींच्या काळापासून प्लास्टिकचा दाणा वितळवून नळ्या काढायच्या मशीनवर आहे. त्या नळ्यांच्या चटया होतात. चुकलेल्या नळ्यांच्या शिव्या शकीलला मिळतात. ईदला मॅनेजर त्याच्या घरी शीरखुर्मा खाऊन जातो, बहुधा अनोळखी माणसाकडे.

उन्हाळ्यात शिंदखेड्याच्या तोतारामचा डावा हात नळ्या ओढणाऱ्या रुळांत गेला. तीन बोटं गेली. कारखाना म्हणाला, तोताराम ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, कोण तोताराम? शकील आणि चार जण मॅनेजरच्या केबिनवर गेले. पगाराचं बोलायला नाही. रुळांवर जाळी बसवा, एवढंच.

"शेठ बाहेरगावी आहेत," मॅनेजर म्हणाला. शेठजींची गाडी खिडकीतून दिसत होती.

"मग आले की बसू समोरासमोर."

"शकीलभाई, आज जाळी दिली की उद्या पंखा मागाल. शेठ कोणाशी बसत नसतात."

रीतसर नोटीस दिली, मुदत पाळली, तरी शेठ काही बसले नाहीत. मग संप ठरला. शेवटची पाळी संपली, सगळे निघाले, आणि शकील मशीनपाशीच थांबला.

"भाई, सोडा ना तशीच गरम," त्याच्याच मशीनवरचा जोडीदार नवल म्हणाला. "माल आत जमू द्या. दगड झाला की शेठ पळत येतीन."

"आणि फोडत कोण बसणार? तू आणि मीच ना? आज ना उद्या आपल्यालाच चालवायचीये." शकीलने आतला सगळा माल बाहेर काढला, तोंड घासून पुसलं, मग बटण बंद केलं. परत यायचं आहे असं धरून चालणारा माणूसच संपावर जाताना मशीन पुसून जातो.

सकाळी टेम्पोतून परगावची माणसं आली. त्यांनी बटण दाबलं आणि मशीन लोण्यासारखी चालली.

"हळदीकुंकू वाहायचं राहिलं भाई," गेटबाहेर बसलेला नवल म्हणाला. "नारळ तरी फोडून द्यायचा."

समेटाच्या बैठकीला शेठ आले नाहीत, वकील आले. मशीन पद्धतशीर रिकामी केलेली आढळली, यावरून कट पूर्वनियोजित होता, असं त्यांनी मांडलं.

"आणि गरमच सोडली असती तर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मालमत्तेची नासधूस."

"म्हणजे संप करायचा तरी कसा?"

"करू नये," वकील म्हणाले.

शकील उभा राहिला. "साहेब, कट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. शेठला फक्त या खुर्चीत आणून बसवा. जाळीचं बोलू, दुसरं काही नाही."

"ज्यांच्याशी आमचा संबंधच नाही, त्यांच्याशी बोलणी कसली?"

तेव्हा तोतारामने डावा हात टेबलावर ठेवला. "मी कामगार नव्हतु, तं मंग मन्हा बोटे कोठे गयात, वकीलसाहेब?"

वकिलांनी हाताकडे पाहिलं आणि तो अभिलेखावर नसल्याचं निदर्शनास आणून दिलं.

इतिवृत्तात नोंद झाली: मालक-कामगार संबंध व्यवस्थापनास मान्य नाही, व्यवस्थापन चर्चेस तयार नाही, सबब समेट निष्फळ. शकीलने खाली सही केली, कारण हजर असलेल्यांनी सही करायची असते.

तो आता दिवसा गेटबाहेर बसतो आणि संध्याकाळी चुलतभावाच्या दुकानात गाद्या भरतो. आत मशीन दोन्ही पाळ्यांत चालू आहे. रुळांवर जाळी नाही.