अक्काचा सूर लागला तेव्हा

“लागला, लागला!” मी मांडी थोपटून ओरडलो, आणि चाकूरचा अख्खा मांडव घागरी उचलून पळत सुटला.

एका शब्दात मांडव रिकामा करणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. मला म्हणायचं होतं, सूर लागला. पण तो दुष्काळाचा उन्हाळा. मांडवामागं बोअरचं मशीन चार दिवसांपासून नुसता धुरळा ओकत होतं. लोक गाण्यालासुद्धा घागरी घेऊनच आले होते. नेमकं मशीन थांबलं आणि मी ओरडलो. लोकांना वाटलं, झरा लागला.

गात होती माझी थोरली बहीण, अक्का. आमच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेवर बसून, रेडिओ ऐकून शिकलेली. यमन सुरू करायची आणि मध्येच त्याला गिटारवाल्या गाण्याचा ठेका चढवायची. आमचे वडील, बाप्पा, म्हणायचे, “तूरडाळ हाय का मूगडाळ, एक कायतरी ठरव की पोरी.” लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यासाठी गाणारे निवडायला साहेब आले होते. बाप्पांनी सांगून ठेवलं होतं, “सायबांनी निवडलं तर नांदेडला खाँसाहेबांकडं शिकाय जा. न्हाईतर लोह्याचं स्थळ पक्कं.”

आणि अशा वेळी मी दाद दिली!

मंडळी परत आली ती पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी पांढरीफटक. करीमचाचा पुढं.

“कुठं लागला रे?”

“चाचा, सूर लागला.”

“मग आता सूर भरू का घागरीत?”

मशीनवाला वेगळाच तापला होता. “मशीन माझं, आन् जाहीर तू करून राहिला व्हय?”

बाप्पा तर दातओठ खात म्हणाले, “बहिणीच्या लग्नाची लई घाई झाली का रं तुला?”

(खरं सांगतो, मनात कुठंतरी बरंच वाटलं. लोहा नांदेडपेक्षा अलीकडं. दिवाळीला तरी आली असती.)

पण अक्का थांबलीच नव्हती. डोळे मिटून रिकाम्या सतरंजीला गाणं ऐकवत होती. आणि सतरंजीवर साहेब एकटेच डोलत बसलेले. पुण्याकडून नवीनच बदलून आलेला माणूस, त्याला ‘लागला’चा एकच अर्थ ठाऊक, सुराचा! समोरून गाव पळालं तरी न थांबणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तिथल्या तिथं निवडली.

अक्का नांदेडला गेली, तिथून फार लांब गेली. आता तंबोऱ्याशेजारी गिटारवाला बसवते म्हणे, आणि लोक तिकीट काढून ऐकतात. मी दुकानातल्या त्याच ढेपेच्या जागी बसून रेडिओचा कान पिरगाळतो. कधी सापडते, कधी नुसती खरखर. सापडली की गिऱ्हाईक ताटकळतं, पण तोंडातून शब्द काढत नाही मी.

नांदेडच्या एस.टी.त तिला बसवून दिलं, तेव्हा खिडकीची दांडी धरून मी विचारलं होतं, “अक्का, तुझ्या पुढच्या गाण्याला मी कुठं बसू?”

ती म्हणाली, “घरी.”