रातकिड्यांचं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही "आहे" म्हणायला जीभ वळत नाही. वाचून हसायचं तर खुशाल हसा... पण मला शहाणपण शिकवू नका. ते काम नवऱ्याने आयुष्यभर केलंय.

अंबरनाथ, मोरिवली, १९९३ साल. कारखान्याची क्वार्टर्स, तिसरा मजला. आमचे हे तिथेच केमिस्ट. बोटीवरच्या मित्राने ह्यांना परदेशातली ठिपक्यांची पाल आणून दिली — आणि तिला जिवंत किडेच लागतात म्हणून ह्यांनी चक्क गॅलरीत रातकिडे पाळले. प्लास्टिकचा टब, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गव्हाचा कोंडा, गाजराच्या चकत्या. वाटीत पाणी ठेवलं तर किडे बुडून मरतात, म्हणून रोज ओला कापूस. लोकांच्या गॅलरीत तुळस, माझ्या गॅलरीत दिवसरात्र किरकिर. मी जवळ गेले की सगळे चिडीचूप. ह्यांच्या पावलाला मात्र थांबायचे नाहीत, मेले ओळखायचे.

हॉस्पिटलात हे माझ्याशी शेवटचं काय बोलले असतील? "कापूस ओला करत जा गं." बस्स. एवढ्या संसाराचं एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. तेरावं झालं, घराला कुलूप घातलं आणि बदलापूरला भावाकडे निघून गेले. कापूस मुद्दाम ओला केला नाही. मरू देत म्हटलं, पाल पण आणि किडे पण.

महिन्याभराने आले ती टब फेकून द्यायलाच. जिन्यात शेजारच्या सिंधी भाभी भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही आतच होतात ना? किडे तर रोज बोलत होते. मी म्हटलं, भाभी, दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये आहेत.

कुलूप उघडलं. घरभर धूळ, आणि गॅलरीतून भर दुपारी किरकिर...

पाण्यावाचून हे किडे चार दिवस काढत नाहीत. मी टबाजवळ गेले, अगदी वाकून बघितलं, तरी आवाज थांबेना. कापूस हाताला गार, ओलाचिंब. गाजर ताजं — घरात गाजर नव्हतंच हो. पाल पोटभर खाऊन सुस्त पडलेली. धुळीत पावलं फक्त माझी.

घाबरायला हवं होतं ना? मी भडकले. किड्यांसाठी येता येतं, होय? महिनाभर मी तिकडे रडतेय, तिथे एकदा फिरकला नाहीत. त्या रिकाम्या गॅलरीत उभी राहून मी विचारलं,

"अहो, आणि माझं काय?"

सगळे किडे एकदम गप्प झाले.

दुसऱ्या दिवसापासून कापूस मीच ओला करायला लागले, झक मारत. तिथून पुढे मी जवळ गेले की ते कायम चूपच. भाऊ म्हणतो, ताई, मनाचे खेळ. असतील. मला ह्याचं काहीएक स्पष्टीकरण देता येत नाही... पण माझ्या मनाचे खेळ असते, तर ह्यांनी उत्तर तरी दिलं असतं.