वस्तीत वाजवायचं न्हाई

पस्तीस वर्षं ट्रक चालवूनही ब्रेकवर पाय न ठेवणारा माणूस जगात एकच निघाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. म्हणजे आमचे साडू. ट्रकला ब्रेक असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या मते ब्रेक म्हणजे सासुरवाडी. "अडीनडीलाच जायाचं. रोज गेलं की मान ऱ्हात न्हाई," हे ते खुद्द सासऱ्यांसमोर म्हणत आणि सासरे खुशाल मान डोलवत! उतारावर गाडी धरायची ती इंजिनानं. गियर खाली पाडायचा, इंजिनब्रेकचं बटण दाबायचं, की इंजिनच घुरघुरत गाडीला मागं ओढतं. सारखा ब्रेक तुडवला तर तो तापतो आणि खरी गरज पडते तेव्हा गाडी ऐकत नाही. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर मात्र बटणाला हात लावायचा नाही, मागची चाकं घसरतात. आता मी पिठाची गिरणी चालवणारा माणूस, मला हे सगळं ठाऊक असायचं काय कारण? पण साडू भेटले की दुसरा विषयच नसे.

"उतार लागायच्या आधी गियर पाडायचा. लागल्यावर आठवून उपेग न्हाई," हा त्यांचा मंत्र. बीदरचं पठार संपून रस्ता आमच्या जनवाड्याकडं उतरतो, त्या माथ्यावर ते गाडी थांबवणार म्हणजे थांबवणारच. खाली उतरून एकेका टायरवर दांडका मारून बघणार, डोक्याला टॉवेल गुंडाळणार, मग वर चढून डोळे मिटून इंजिन ऐकत बसणार, वैद्यानं नाडी धरावी तसं. हुलसूरला आमच्या भाच्याच्या लग्नाला जाताना जीपवाल्यानं डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर ह्यांनी आरडाओरडा करून ती थांबवली, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि स्वतः पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी नवरदेव मांडवात आणला. तोवर मुहूर्त टळला होता. मुलीकडचे भडकले, तर म्हणाले, "मुहूर्त दुसरा निघंल. नवरा दुसरा कुठून आणू?"

पण गावातलं पहिलं घर दिसलं की बटण बंद. इंजिनब्रेकचा आवाज काळीज हलवणारा असतो, म्हणून वेग आधीच कमी करून यायचं, हा त्यांचा दंडक. "वस्तीत वाजवायचं न्हाई. कुणाचं लेकरू झोपल्यालं असतंय, कुणी आजारी असतंय." एकदा एक तरणा ड्रायव्हर भर गावातून घुरघुराट करत गेला. साडू लुंगीवरच माझ्या मोटारसायकलवर बसले, त्याला संतपूरला गाठलं, अर्धा तास झापलं आणि चहा पाजून सोडलं. असा सगळा आटापिटा एका गोष्टीसाठी होता. पस्तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती, आणि तेवढीच त्यांची फुशारकी होती. ती आम्ही इतक्यांदा ऐकली, की घरातली पोरं त्यांच्या आधी ते वाक्य पुरं करत.

गेल्या वर्षी मी जनवाड्यात रस्त्याकडेला घर बांधलं. फरशी शहाबादची घ्यायची ठरली. "मीच आणतो," साडू म्हणाले. मीही हौसेनं सोबत गेलो. येताना ते गप्प गप्पच होते. माथ्यावर गाडी थांबली, टायर झाले, टॉवेल झाला. डोळे मिटून ते बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "आवाज यायलाय का?"

मी हसलो. "अण्णा, माझे दात वाजायलेत, अन् आवाज यायलाय का म्हणून काय विचारायलाव?"

माझे ओठ हलताना त्यांनी निरखून पाहिले. मग म्हणाले, "मला न्हाई यायला."

अरे देवा! डावा कान वर्षापूर्वीच गेला होता, उजव्यावर निभावत होते, तोही त्या दिवशी गेला. आणि मला पत्ता नाही! गिरणीत मी ओरडून बोलणार, तेही ओरडूनच बोलणार. मला वाटायचं, हा आपला घरचाच सूर.

मी गाढवासारखं ओरडलो, "रोजचा रस्ता हाय अण्णा, हळू जाऊ की!" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मालकाला सांगा, दुसरा ड्रायव्हर धाडा." मालक म्हणाला, "अहो, चार किलोमीटर तर राहिलंय!" मी चार बोटं दाखवत ते ओठांवरून कळेल असं त्यांना सांगितलं.

"किलोमीटर न्हाई, उतार राहिलाय," साडू म्हणाले. "मी कानानं गाडी चालिवतो. कान न्हाई, तर मी न्हाई." आणि इंजिन बंद करून त्यांनी किल्ली काढली.

दोन तास आम्ही दगडावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. त्यांनी अर्धीच खाल्ली. आला कोण, तर संतपूरला झापलेला तोच तरणा ड्रायव्हर. साडूंनी त्याला किल्ली दिली, दांडकाही दिला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते डाव्या बाजूला बसले. सबंध उतारभर त्यांचा तळहात डॅशबोर्डवर टेकलेला होता. पहिलं घर दिसताच त्या पोरानं न सांगता बटण बंद केलं. साडूंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मला रडू आवरेना, आणि बटण बंद झाल्यानं ते इंजिनाच्या आवाजात लपवायचीही सोय नव्हती.

आता ते रोज दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसतात, त्यांनीच आणलेल्या फरशीवर, तळहात खाली टेकून. ट्रक उतरून आला की फरशी थरथरते आणि ते निकाल देतात, "तिसऱ्यात हाय. शहाणा हाय." नाहीतर, "ह्यो न्यूट्रलमधी आलाय, मरतंय बगा!" निम्म्या वेळा ते चुकतात. आमच्यातला कुणी तसं बोलत नाही.

तो तरणा ड्रायव्हर मात्र जनवाड्यातून जाताना आमच्या घरासमोर, फक्त आमच्याच घरासमोर, एकदा बटण दाबतो. ताटं-वाट्या वाजतात, फरशी थरारते. साडू बीदरला ऐकू जाईल असं ओरडतात, "वस्तीत कामून वाजवायलास रे गाढवा!"

आणि ट्रक पार दिसेनासा होईपर्यंत तळहात काही उचलत नाहीत.