शिऱ्याची गोधडी

शनिवारी सकाळी शैलाचा फोन वाजला की मी तो पहिल्यांदा उचलायचे नाही. ती कुत्र्याला घेऊन फिरायला चल म्हणणार हे मला ठाऊक असायचं आणि मी उचलणार नाही हे तिला. मग ती पुन्हा फोन करायची, मी उचलून "काय आहे?" म्हणायचे आणि ती म्हणायची, "बूट घाल." एवढंच संभाषण. मार्चच्या शेवटी एका शनिवारी तसाच फोन वाजला. मी नेहमीसारखा वाजू दिला, दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला आणि "काय आहे?" म्हटलं. पलीकडून शैलाच्या मुलीचा, रेवाचा आवाज आला. "मावशी, मम्मी गेली." खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी संशय आला. रेवा राहते चँडलरला, ॲरिझोनात. ती आईच्या फोनवरून बोलतेय म्हणजे ती इथे पेनसिल्व्हेनियात आहे, म्हणजे आधीच आलेली आहे, म्हणजे तिला माहीत होतं. मला मात्र पंधरा दिवस "सर्दी झालीय, तू येऊ नकोस, तुलाही होईल" असं सांगण्यात येत होतं.

माझा स्वभावच तसा आहे, त्याला मी काय करू. माझा नवरा अरुण म्हणायचा, हिला कुणी फूल दिलं तर ही आधी त्यात अळी शोधेल. अरुणला जाऊन दोन वर्षं झाली. तो गेल्यावर स्टेट कॉलेज या आमच्या गावातली मराठी घरं, मोजकीच आहेत ती, पाळीपाळीने डबे घेऊन आली, बसली आणि रीतीप्रमाणे आपापल्या कामाला लागली. मी सोमवार ते शुक्रवार विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागच्या खोलीत काम करायचे, अजूनही करते, आणि शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की ते सोमवारी उघडायचे. यात मला काही वाईट वाटत नव्हतं. शैलाला मी तेव्हा गणपतीत भेटण्यापुरती ओळखत होते. तीही एकटी, तिचे यजमान बरीच वर्षं झाली जाऊन. गेल्या नोव्हेंबरात ही बाई एका शनिवारी माझ्या दारात उभी, शेजारी गुळाच्या शिऱ्याच्या रंगाचा एक मध्यम आकाराचा कुत्रा. त्याचं नावही शिराच. "कुंदे, फिरायला येतेस का?" मी म्हटलं, मला कुत्र्यांची भीती वाटते. ती म्हणाली, त्यालाही तुझी वाटतेय बघ. आणि खरंच तो तिच्या पायामागे लपला होता. मी गेले, पण मनात एकच प्रश्न होता की इतक्या वर्षांत नाही आणि आत्ताच हिला माझी आठवण का व्हावी.

नंतर प्रत्येक शनिवार-रविवारी जायला लागले. जाण्याचा मार्ग ठरलेला: आमच्या रस्त्यावरून खाली, बदकांच्या गोठलेल्या तळ्याला वळसा, मग जुन्या सफरचंदांच्या बागेच्या कडेने एका बाकापर्यंत आणि परत. बर्फावर मीठ टाकलेलं असतं ते कुत्र्याच्या पंज्यांना झोंबतं, म्हणून शैला निघण्याआधी मांडी घालून बसायची आणि त्याच्या चारी पंज्यांना खोबरेल तेल चोळायची, बाळाला न्हाऊ घालण्याआधी चोळतात तसं. तिने त्याला लोकरीचे मोजेही विणले होते, ते तो पहिल्या वळणावर झटकून टाकायचा आणि ती ते न रागावता उचलून खिशात घालायची. लग्नानंतरची पहिली वर्षं तिने स्कॉटलंडमध्ये काढली होती, ॲबरडीनला. तिचे यजमान समुद्रातल्या तेलाच्या कामावर आठवडेच्या आठवडे बाहेर असत. हिवाळ्यात दुपारचा चहा होईपर्यंत अंधार पडायचा आणि खिडकीबाहेर सगळं गाव करड्या दगडाचं. "घरमालकिणीचा म्हातारा कुत्रा मी फिरवायला न्यायचे," ती सांगायची, "नाहीतर तिथे मला खरंच वेड लागलं असतं." त्याच घरमालकिणीने तिला कमरेला चामड्याचा पट्टा बांधून, त्यातल्या भोकात सुई खोचून विणायला शिकवलं होतं. तो पट्टा तिच्याकडे अजून होता. फिरून आलो की तिच्या स्वयंपाकघरात आलं घातलेला चहा, ओल्या कुत्र्याचा वास आणि तिच्या सुया. मला ती लोकरीचे गुंडे करायला बसवायची. मी नापसंती दाखवत करायचे.

आता संशयाचं सांगते. तिसऱ्या की चौथ्या फेरीपासून शैलाला सारखा बूट बांधायचा असायचा. "जरा पट्टा धर गं, बूट सुटलाय." मी दोन बोटांनी कुत्र्याचा पट्टा धरून, तो कुठल्याही क्षणी चावेल या तयारीत उभी राहायचे. ती खाली वाकून बराच वेळ काहीतरी करायची. मग सावकाश उठून पट्टा न घेताच चालू लागायची. एकदा माझं लक्ष गेलं तर तिच्या बुटांना नाड्याच नव्हत्या, झिप होती. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, झिप सुटली होती. आता झिप सुटते म्हणजे काय हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. घरी येऊन मी विचार केला की या बाईला माझ्याकडून काहीतरी हवंय.

डिसेंबरात तिने ते मागितलं. शिऱ्याला थंडी वाजते म्हणून ती त्याच्यासाठी गोधडी शिवणार होती आणि त्यासाठी तिला माझे जुने गाऊन, सुती साड्या, दुपट्टे हवे होते. मी आपली एक चांगली पिशवीभर धुऊन, इस्त्री करून दिली. तिने पिशवी उघडली, एक गाऊन नाकाला लावला आणि तसाच परत ठेवला. "धुतलेस तू हे. न धुतलेले दे. चार दिवस घाल आणि तसेच दे." का, तर धुतलं की कापड आटतं, टाके बसत नाहीत. माझी मावशी साताऱ्यात जन्मभर गोधड्या शिवायची, गोधडीचं कापड आधी धुऊनच घेतात हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. आणि माझी आजी विंचरलेले केससुद्धा गुंडाळून, थुंकून, कुणाच्या हाती लागणार नाहीत असे टाकायची. अंगावरचा न धुतलेला कपडा दुसऱ्या बाईला देणं... करणी, भानामती, मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही. तरी त्या रविवारी गाऊन देऊन आले आणि संध्याकाळी स्वतःवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. इथे चूल नाही, विजेची शेगडी. तव्यावर टाकलेल्या मोहऱ्यांचा धूर झाला आणि छतावरचा अलार्म असा कोकलला की शेजारचा मुलगा खिडकीतून डोकावला. दुसऱ्या शनिवारी मी हे शैलाला सांगितलं नाही. तिने मात्र माझ्या कोटाचा वास घेऊन विचारलं, "दृष्ट काढलीस का गं?" आणि बर्फात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुपट्टे मागितलेच.

जानेवारीत शिरा दमायला लागला. म्हणजे शैला तसं म्हणायची. बाकापर्यंत पोचलो की "दमला बिचारा" म्हणून ती बसायची, आणि बिचारा तर पट्टा ताणून पुढच्या झाडावरच्या खारीकडे बघत शेपटी आपटत असायचा. मग एकदा तळ्यापाशीच दमला. मग एकदा माझ्या दारातच. मी सरळ विचारलं, "शैला, तू दमतेस का तो?" ती म्हणाली, "वय झालं आता." मी म्हटलं, डॉक्टरकडे गेलीस? ती म्हणाली, परवाच नेऊन आणलं, सगळी इंजेक्शनं झाली. कुत्र्याची. हे असं बोलण्यात ती फार तयार होती. मला तिच्या चेहऱ्याचा रंग दिसत होता, तिची मनगटं दिसत होती, पण तिने उत्तर द्यायचं नाही ठरवलं होतं आणि मला तिला ओरबाडायचं नव्हतं. फेब्रुवारीत मी एकटीच शिऱ्याला बागेच्या कडेने फिरवून आणायचे आणि ती खिडकीत बसून गोधडीला टाके घालत असायची. मी पट्टा आता पूर्ण मुठीत धरायचे. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

तर रेवाचा फोन. स्वादुपिंडाचा कॅन्सर, ऑक्टोबरात कळला होता, उपचार घ्यायचे नाहीत हे शैलाने स्वतःच ठरवलं होतं. ऑक्टोबरात कळलं आणि नोव्हेंबरात ती माझ्या दारात उभी होती. आठवड्याने रेवा घर आवरून माझ्याकडे आली, एका हातात शिऱ्याचा पट्टा, दुसऱ्या हातात घडी केलेली गोधडी, आणि म्हणाली की मम्मीची इच्छा होती, शिरा तुमच्याकडे राहावा. सगळं एकदम जुळलं. बूट, पट्टा, न धुतलेले गाऊन. कुत्र्यांना शिकवणाऱ्या कुणीतरी शैलाला सांगितलं होतं म्हणे, नव्या माणसाच्या वासाचं कापड त्याच्या बिछान्यात ठेवा, मग जड जाणार नाही. हिवाळाभर तो कुत्रा माझ्या वासात झोपला होता. आणि मी जिला मैत्रीण समजत होते ती मला तयार करत होती, कुत्र्यासाठी जागा म्हणून. मला इतका राग आला की मी रेवाला बस म्हणायचंही विसरले. दारातच म्हटलं, "म्हणजे तिला मी नको होते. तिला याच्यासाठी घर हवं होतं."

रेवा इथे जन्मलेली, तिचं मराठी अडखळत येतं. ती पायरीवर बसली. "नाही मावशी. मी मागितला होता शिऱ्याला. ट्वाइस. आय हॅव अ यार्ड, माझ्याकडे दुसरा डॉग पण आहे. मम्मी नो म्हणाली. म्हणाली, शिरा कुठेही हॅपी राहील. पण कुंदा नेक्स्ट विंटर दार उघडणार नाही."

मी म्हटलं, मग मला सांगायचं ना.

"तिने म्हटलं, सांगितलं तर तुम्ही हंड्रेड शंका काढाल आणि नो म्हणाल."

रेवा गेली. शिरा दारापाशी बसून ती गेली त्या दिशेने बघत राहिला, मग आत आला, माझ्या सपातांवर हनुवटी टेकली आणि झोपला. माझा मात्र रेवावर विश्वास बसेना. चांगली मुलगी आहे, आईविना झालेली, मला बरं वाटावं म्हणून रचलंही असेल. शैलाची मुलगी आहे, शेवटी. त्या अवस्थेत मी त्याचं अंथरूण घालायला गोधडी उलगडायला घेतली. शैलाकडे ती एरवी चौघडी करून कोपऱ्यात अंथरलेली असायची, शिवतानाही तिच्या मांडीवर एक कोपराच दिसायचा, मी ती उलगडलेली कधी पाहिलीच नव्हती. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, आणि गोधडी माझ्या पलंगाएवढी झाली. कुत्र्याला कुणी एवढी गोधडी शिवतं का? वरच्या बाजूला सगळी मी होते. निळा गाऊन, पिस्ता रंगाची साडी, दुपट्टे, तिचे एकसारखे बारीक टाके. मी ती उलटी केली.

उलट्या बाजूला शैला होती. तिचे चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट, जे ती फिरायला जाताना कोटाखाली घालायची. चहा सांडलेला पिवळा गाऊन, डागासकट. तिची एक इंदुरी साडी, जी मी गणपतीत पाहिली होती. घडी घातल्यावर ही बाजू कायम आत राहत होती, म्हणजे कुत्र्याचं अंग तिला कधी लागलंच नव्हतं. मी तिच्यासारखंच केलं, कापड नाकाला लावलं. एकही तुकडा धुतलेला नव्हता. हिंग, लोकर, खोबरेल तेल... मी तिथेच जमिनीवर बसले आणि मग मात्र खूप रडले. शिरा उठून आला, गोधडीच्या त्या बाजूला नाक खुपसून उभा राहिला, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच होतो.

आता मे लागलाय. तळ्यात बदकं आलीत, बर्फाचं नाव नाही, तरी निघण्याआधी मी त्याच्या पंज्यांना तेल चोळते, कारण त्याला ते लागतं आणि मला काही दुसरं सुचत नाही. शनिवारी सकाळी फोन वाजत नाही. शिरा दारापाशी जाऊन उभा राहतो, मी पहिल्यांदा लक्ष देत नाही, मग तो एकदा भुंकतो आणि मी बूट घालते. रात्री गोधडी मी पलंगावर घेते, तिची बाजू माझ्याकडे आणि माझी बाजू वर, त्यावर तो. माझा मुलगा सांता क्लाराहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. परवा त्याने हे पाहिलं आणि म्हणाला, आई, अगं कुत्रा झोपतो त्याच्यावर, निदान मशीनला तरी लाव ती एकदा.

मी त्याला सांगितलं, धुतलं की कापड आटतं, टाके बसत नाहीत.