कडी त्यानेच काढली होती

शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, गावाकडनं माणूस आलंय." आमच्या भागात हे वाक्य अशा आवाजात बोललं गेलं की काय झालं हे विचारायचं नसतं, फक्त कोण एवढंच विचारायचं असतं. मी हातातला खडू ठेवून बाहेर आलो. आमच्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर लिंबाखाली उभा होता. सांगलीला गुळाच्या ढेपा उतरवून तो मुद्दाम वाट वाकडी करून कवठे महांकाळपर्यंत आला होता. "हणमंता हवालदार गेला," तो म्हणाला. "छातीत कळ आली. वहिनी पानी आणस्तवर संपलं. माती काल सांजच्यालाच केली. तुमाला तार करायची कुणाला सुचलीच न्हाई बगा..." मी पुन्हा वर्गात जाऊन फळ्यावरचा अर्धा राहिलेला नकाशा पुसून टाकला आणि मुलांना सुटी दिली. ज्या माणसाला माझ्यामुळे एक पाय गमवावा लागला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, त्याच्या मातीलासुद्धा मी पोचलो नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हणमंता वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येण्यासारखा मोठा माणूस नव्हता. कोरेगाव तालुक्यातल्या एका लहान गावातला, थोडी उसाची जमीन असलेला, पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. आमच्याकडे अशी माणसं गल्लीगल्लीत सापडतात. तरी त्याच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्याच्यासारखा दुसरा मी पाहिला नाही.

आम्ही दोघं एका वर्गात शिकलो. पुढे तो पलटणीत गेला आणि मी मास्तर झालो. पासष्टच्या लढाईतून तो अंगावर ओरखडासुद्धा न उमटता परत आला. पेन्शन घेऊन गावी राहायला लागल्यावर रोज संध्याकाळी चावडीच्या कट्ट्यावर त्याच्याभोवती माणसं जमायची. तो बढाया मारत नसे. उलट स्वतःचीच फजिती सांगायचा... अंधारात शत्रू समजून कुणाच्या तरी म्हशीवर कसा ओरडला, बर्फात मिशी कशी गोठली. माणसं पोट धरून हसायची. मी सुटीत गावी गेलो की त्याच कट्ट्याच्या टोकाला बसायचो. पूर्वी गावात चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा मान माझ्याकडे होता. आता मी काही बोलायला लागलो की लोक हात वर करून म्हणायचे, "थांबा मास्तर, हवालदाराचं होऊ द्या." मला ते लागायचं. त्या वेळी मी हे कबूल केलं नसतं, पण मला त्याचा हेवा वाटत होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या देवीची जत्रा होती. औंधची जत्रा उरकली की तिथली दुकानं आणि पाळणे आसपासच्या लहान जत्रांना येतात, तसा ईश्वरा पाळणेवाला आमच्या गावी यायचा. त्याच्या पाळण्याला चार लाकडी पेट्या होत्या. दोन गडी चाकाच्या आऱ्यांना धरून, प्रसंगी लोंबकळून, तो फिरवायचे. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी साखळी असायची आणि तिची कडी हुकात अडकवलेली असायची. आमच्याकडे या पाळण्यावर एक खेळ चालायचा. कुणीतरी आपली टोपी खाली जमिनीवर ठेवायची. पेटीत बसलेल्याने पाळणा भर वेगात असताना पेटी तळाशी आली की वाकून ती उचलायची. उचलली तर टोपीवाल्याने सगळी जत्रा बोडक्या डोक्याने फिरायचं, आणि ज्याला त्याला कारण सांगायचं. न जमलं तर पेटीतल्याने सगळ्यांना भजी चारायची. पण साखळीच्या आतून हात जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यासाठी कडी काढावी लागते. हे सगळ्यांना माहीत होतं. ईश्वरालाही माहीत होतं, आणि तो दर वर्षी ओरडायचा, आणि दर वर्षी कुणीतरी काढायचंच.

हणमंता पेटीत बसला, तेव्हा भोवती गर्दी होतीच. मी माझी टोपी काढली आणि खाली मातीत ठेवली.

"काय हवालदार, बंदुकीपेक्षा टोपी जड न्हाई," मी म्हणालो. "का वाकायला भ्या वाटतंय?"

लोक हसले. हणमंताही हसला. "मास्तर, बोडकं फिरशील बरं का. बायको वळखायची न्हाई."

"आधी उचल तर!"

ईश्वरा पुढे आला. "आवं हवालदार, कडी नगा काढू. पाया पडतो." हणमंताने त्याला हाताने बाजूला सारलं. ईश्वराने पुन्हा सांगितलं. या वेळी हणमंताने त्याला एक पलटणीतली शिवी हासडली आणि कडी काढून साखळी मागे टाकली. पाळणा सुरू झाला. पहिल्या फेरीत त्याची बोटं टोपीला नुसती लागून गेली. पुढच्या फेरीत त्याने टोपी धरली... ती धरली हे मी पाहिलं. त्याच क्षणी तो तोल जाऊन बाहेर आला. मागून येणारी पेटी त्याच्या उजव्या पायावर बसली. गड्यांनी जिवाच्या आकांताने चाक थांबवलं. हणमंता धुळीत पडला होता आणि माझी टोपी त्याच्या मुठीत होती.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इकडे गावाने ईश्वराचा पाळणा अडकवून ठेवला. त्याची चाकं, पेट्या, खांब सगळं चावडीमागे आणून टाकलं आणि त्याला सांगितलं की हणमंताच्या घरच्यांचं समाधान होईपर्यंत यातलं लाकूड हलणार नाही. पुढच्या जत्रा निघून चालल्या होत्या. ईश्वराचं बिऱ्हाड चावडीसमोर उघड्यावर पडलं होतं. पंच बसले. हणमंताचे थोरले भाऊ तात्या सर्वांत पुढे होते. ते म्हणाले, "पाळणा आता आमच्याच दारात राहणार. माझ्या भावानं जन्मभर काय करायचं?" कुणीतरी म्हणालं, साखळीच तुटकी होती. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. बघता बघता साखळी तुटकी होती हे सगळ्या गावाचं पक्कं मत झालं. मी तिथे होतो. ज्याचं म्हणणं पंचांनी मानलं असतं असा मी मास्तर तिथे होतो... आणि मी गप्प राहिलो. कडी कुणी काढली हे सांगायचं तर टोपी कुणाची हेही सांगावं लागलं असतं.

हे सगळं दवाखान्यात तात्यांनीच हणमंताला मोठ्या अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो उसाच्या एका रिकाम्या ट्रकमध्ये बसून गावात हजर झाला. डॉक्टरांनी सोडलं नव्हतं. दोघांनी त्याला उचलून चावडीत आणला आणि खांबाला टेकवून बसवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कडी म्या काढली," तो म्हणाला.

तात्या उसळले. "येड्या, गप बस! ताप डोस्क्यात चढलाय तुझ्या."

"ताप उतरलाय तात्या, म्हणून तर आलो. साखळी धड होती. त्यानं दोनदा सांगितलं, कडी काढू नगा. म्या त्याला शिवी दिली. हात माझा, कडी काढली ती माझ्या हातानं, पाय बी माझाच गेला. ह्यात त्याचा पाळणा कुठनं आला?"

"आरं पन तुझ्या पोटापाण्याचं काय?"

"पेन्शन हाय, जमीन हाय, तुमी हाय. आन् बसून खायला लाज वाटली तर एका पायावर उभा राहीन की!"

कुणी हसलं नाही. एक म्हातारे पंच म्हणाले, "पाकिस्तानाला जे जमलं न्हाई ते ह्या लाकडानं केलं रं..." त्यावर मात्र हणमंता स्वतःच हसला. मग ईश्वराकडे वळून तो जे बोलला, ते मला जसंच्या तसं आठवतं. "तुला सोडवायला आलो म्हणून लय खुशीत येऊ नगंस. माझं येडेपण माझ्यापाशी, पर तुझं काम तुझ्यापाशी. तुझी कडी एका बोटानं निघती. मी घोडा झालोय, माझं मी बघीन. पर त्यात ल्हान पोरं बसत्यात. त्यांना काय कळतंय? त्यांना काढता यायची न्हाई अशी खिट्टी बसीव, तवाच पुढच्या साली गावात ये." ईश्वरा रडत होता. त्याने मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी पाळणा बैलगाडीवर चढला.

बोलताना हणमंताची नजर एकदा माझ्यावरून गेली. तिने माझ्यावर थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

काही दिवसांनी मी त्याच्या खाटेपाशी जाऊन बसलो आणि सगळं बोलून टाकलं. टोपी माझी होती, चिडवलं मी, चावडीत तोंड शिवून बसलो तोही मीच. तुझा पाय माझ्यामुळे गेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चावडीत बोलला न्हाईस ते वाईट केलंस. ते तुझं. ते तू ठेव. पर पाय माझ्यामुळं गेला. टोपी खाली ठेवलीस म्हणून काय माझा हात तू वडलास? नको म्हणायला मला तोंड न्हवतं का? गड्या, पाय गेला तो गेला, आता माझं येडेपण बी तूच नेणार व्हय?"

मला तेव्हा वाटलं, हा माझं मन राखतोय. त्याचा मोठेपणा समजून मी आणखीच खाली वाकलो. त्यानंतर दर सुटीत त्याच्यासाठी काहीतरी नेल्याशिवाय मी गावी गेलो नाही. कवठ्याच्या बाजूला धनगरांची घोंगडी चांगली मिळतात. दर वर्षी एक घोंगडं घेऊन जायचो. शेवटी तो वैतागला. "मास्तर, माझ्या घरात काय मेंढरं हायत का, थंडीनं मरायला लागलेली?" त्या वर्षीचं घोंगडं त्याने माझ्यादेखत ईश्वराला देऊन टाकलं.

ईश्वरा अपघाताच्या पुढल्या वर्षी आला होता तो पेट्यांना लोखंडी खिट्टी बसवून. ती बाहेरच्या बाजूला होती, आत बसलेल्या मुलाच्या हाताला लागत नसे; मोठ्या माणसाचा हात मात्र पोचायचा. हणमंताने प्रत्येक पेटीत स्वतःच्या हाताने हिसडे मारून ती तपासली. तेव्हापासून दर जत्रेला तो पाळण्याशेजारी बारदान टाकून बसायचा. पुण्याहून मिळालेला लाकडी पाय घरी ठेवून, धोतर वर खोचून. मला वाटलं, लोकांना पाळण्यात बसू नका म्हणून सांगायला बसत असेल. तसं नव्हतं. लहान मुलांना तो स्वतः हात देऊन चढवायचा. "वर गेल्यावर डोळं मिटू नगा रं, आपलं घर दिसतंय का बगा!" बायकांची थट्टा करायचा. आणि एखादा जवान गडी टोपीचा खेळ करायला निघाला की त्याला जवळ बोलवायचा. "काढ की खिट्टी. तुझी तू काढ. फकस्त आधी माझ्याकडं बघून घे, मग काढ." बहुतेक जण ओशाळून हसायचे आणि गुमान बसायचे. एकाने एकदा बघूनही खिट्टी काढली आणि टोपी उचलून दाखवली. हणमंताने त्याला शाबासकी दिली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "बघून काढलीस न्हवं? मग तुझं तू," एवढंच म्हणाला. मला त्याच्या या वागण्याचा राग आला होता. मी असतो तर त्या गड्याच्या कानाखाली काढली असती. पण हणमंता माणसाला घाबरवून शहाणा करायच्या विरुद्ध होता. समोर काय आहे ते त्याला नीट दिसू द्यायचं आणि मग त्याचं त्याला ठरवू द्यायचं, हे त्याने स्वतःच्या तुटक्या पायाने करून दाखवलं. मी वर्गात इतकी वर्षं शिकवतो, मला हे कधी जमलं नाही.

तेराव्यानंतर मी गावी गेलो. वहिनी सोप्यात बसल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला. मी पुन्हा तेच सुरू केलं, माझ्यामुळे त्याचं असं झालं... वहिनींनी मला मध्येच थांबवलं.

"भावजी, रागवू नका, पर एक सांगू का? तुमी येनार कळलं की हे मला म्हणायचे, चादर दे गं, मास्तर येतोय. पाय झाकून बसायचे."

"का?"

"म्हणायचे, झाकला न्हाई तर त्यो माझ्याशी बोलनार न्हाई, पायाशीच बोलत बसंल."

मी खाली बघत होतो. आताही मी खालीच बघत होतो. वहिनी उठल्या आणि आतून त्याचा फोटो घेऊन आल्या. इतकी वर्षं ट्रंकेत होता, दिवसकार्यासाठी बाहेर काढून काच बसवून घेतली होती. पलटणीतल्या पोशाखातला, छातीपर्यंतचा. बघायला फक्त चेहराच होता. मी तो बराच वेळ हातात धरला. डाव्या भुवईच्या मधोमध केस नसलेली एक बारीक रेघ होती. मला ती आठवेना. शाळेत होती का? लढाईनंतरची होती? कितीतरी वेळा मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलो होतो.

"वहिनी, हे कशानं झालं होतं?"

त्यांनी फोटो आपल्याकडे वळवून घेतला, जवळ नेऊन पाहिला. "मी लगीन होऊन आले तवापास्नं हायच की," त्या म्हणाल्या. "ल्हानपणीचा सोबती, तुमाला ठावं असंल, म्हणून मी कवा इचारलंच न्हाई..."

चुलीवरचा चहा उतू जायला लागला, तरी दोघंही उठलो नाही.